पांघरलेलं कोकरू

म्हाताऱ्या मेंढपाळ एउतिमिओच्या मेंदूत रक्त साकळलं आणि त्याच्या डोक्यातली माणसं तेवढी पुसली गेली. मेंढ्या जशाच्या तशा राहिल्या. दवाखान्यातून नेरेआ नावाची मुलगी त्याला पुन्हा बोलायला शिकवायला यायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती चित्रं मांडायची: घोडा, कोंबडी, मूल, बाई. घोड्याला तो घोडा म्हणे, कोंबडीला कोंबडी म्हणे, आणि बाईवर बोट ठेवून म्हणे, "दुसऱ्या वेताची. कास चांगली आहे."

"अहो आजोबा, ही बाई आहे," नेरेआ हसू दाबत म्हणायची. "बा-ई."

"दिसतंय मला. दुसऱ्या वेताची."

खरं तर याच माणसाने शब्दांपायी उभ्या गावाशी भांडणं केली होती. त्यांच्या स्पॅनिशमध्ये माणसाचा पाय तो पिएर्ना आणि जनावराचा तो पाता. दारूच्या गुत्त्यात कोणी चढल्या आवाजात बायकोच्या पायाला पाता म्हणालं, की एउतिमिओ भरला पेला तसाच ठेवून उठायचा. मेंढी गाभण असते, बाई गरोदर असते; मेंढी विते, बाई बाळंत होते. ज्याला एवढं कळत नाही त्याच्या हाती कळप देऊ नये, असं त्याचं म्हणणं. त्याच्याच तोंडून आता हे ऐकायची पाळी आली होती.

कासिल्दा ही त्याची एकुलती एक मुलगी. पन्नाशी उलटलेली, लग्न न केलेली. सारागोसा शहरातलं शिवणकामाचं दुकान बंद करून ती बापाचं करायला डोंगरात परत आली होती. तिला त्याच्याकडून फार काही नको होतं. मरण्याआधी त्याने एकदा तिला नावाने हाक मारावी, एवढंच. त्या घरात तिचं नाव घेणारा तो एकटाच होता. आई बेनिताने जन्मभर 'अगं' आणि 'ए'वर भागवलं होतं. ताटात कधी कमी वाढलं नाही तिने, पण जवळही कधी घेतलं नाही. आईचा स्वभावच तसा, म्हणून कासिल्दाने मनाची समजूत घातली होती. आता बेनिताही जाऊन बरीच वर्षं झाली होती.

शेजारची ओनेसिमा मावशी लसणाचं सूप घेऊन आली तेव्हा एउतिमिओने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "दात गेले हिचे. यंदा खाटकाला द्यायची."

"अगदी बरोबर बोललास, मेल्या!" मावशी बोळक्या तोंडाने खदखदून हसली. "कवळी घरीच विसरलेय मी."

पाद्रीबाबा आले तर म्हणाला, "खच्ची केलेला मेंढा." गावात उरलेली दहाबारा म्हातारी माणसं पोट धरून हसली, पाद्रीबाबा सोडून. मग जो तो आपला शब्द ऐकायला येऊ लागला. त्याने कोणाला लंगडी म्हटलं, कोणाला चुकार, कोणाला दुसऱ्याच्या रानात तोंड घालणारी, आणि एकही शब्द खोटा पडला नाही. म्हातारा बरळत नव्हता. आयुष्यभर मेंढ्यांच्या वाड्याच्या फाटकात उभं राहून जशी कळपाची निवड केली, तशीच करत होता.

कासिल्दाला मात्र तो काहीच म्हणत नव्हता. ती घास भरवायला बसली की तिच्याकडे बघायचा, ओठ हलवायचा आणि मिटायचा. तिला याचा फार त्रास व्हायचा. नाव नाही तर नाही, कोकरू म्हणा, भाकड म्हणा, पण काहीतरी म्हणा!

"घाई करू नका," नेरेआ म्हणाली. "जवळच्या माणसाचा शब्द उशिरा येतो." तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण पोर मनाने चांगली होती.

मार्च उजाडला. खालच्या वाड्यात मेंढ्या वीत होत्या, ओरडणं स्वयंपाकघरापर्यंत येत होतं, आणि एउतिमिओ खुर्चीत कान देऊन बसला होता. कासिल्दाने अंगात ढगळ लोकरी जाकीट अडकवलं होतं. मावशी चुलीपाशी बटाटे सोलत होती. नेरेआने चित्रं बाजूला सारली आणि कासिल्दाकडे बोट केलं.

"आजोबा, ही कोण?"

त्याने बराच वेळ पाहिलं. मग स्वच्छ म्हणाला, "पांघरलेलं."

कासिल्दाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी तिलाही शब्द मिळाला होता.

"म्हणजे काय?" नेरेआने विचारलं.

"अगं, या जाकिटामुळे म्हणत असतील," कासिल्दा हसत सांगू लागली. "एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं ना, की बाबा त्याचं कातडं सोलायचे. मग कुठलं तरी पोरकं कोकरू आणायचं, त्याच्या अंगात ते कातडं घालायचं आणि मेंढीपुढे सोडायचं. तिला आपल्याच पिल्लाचा वास येतो, ती पाजते. एकदा तिने जवळ घेतलं की मग कातडं काढायचं. ते कोकरू म्हणजे..."

तिचा आवाज खाली आला. चुलीपाशी सुरी थांबली होती, आणि ओनेसिमा मावशी बटाट्याकडे टक लावून बघत होती.

"मावशी?"

"त्याचं डोकं ठिकाणावर आहे का, बाई? काहीही बोलतो."

"तुझे दात गेले म्हणाले, तेव्हा बरोबर होते ना? मग आता सांग."

मावशीने सुरी खाली ठेवली. "बेनिताचं तान्हं गेलं. थंडीतच गेलं. तिचं दूध थांबेना, रडं थांबेना. एउतिमिओ सोरियाच्या अनाथालयात गेला आणि तुला शालीत घेऊन आला. त्याच बाळाचे कपडे घातले तुला. नावही तेच ठेवलं."

दफनभूमीतला तो लहानसा दगड कासिल्दाने कितीदा पुसला होता. थोरल्या बहिणीचा दगड, वर कासिल्दा असंच नाव. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देण्याची तेव्हा रीतच होती, त्यामुळे तिला कधी शंका आली नव्हती. ज्या नावासाठी तिने इतके महिने वाट पाहिली, ते तिचं नव्हतंच.

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"घरोब्यातल्या चौघांना होतं गं. ते गेले. मी राहिले."

नेरेआ चित्रं गोळा करू लागली. कासिल्दा बापाच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसली. "बाबा, मी कोणाची? आधीचं नाव काय होतं माझं?"

तो प्रेमाने बघत राहिला. ते सांगायचे शब्द त्याच्यापाशी उरलेच नव्हते, आणि दुसरं सांगणारं जगात कोणी नव्हतं. तिने जाकिटाची बटणं ओढून सोडली आणि ते अंगातून काढू लागली.

एउतिमिओने लुळा न पडलेला हात पुढे केला. जाकीट पुन्हा तिच्या खांद्यावर ओढलं, गळ्याशी घट्ट धरलं आणि वाड्यात पोरक्या कोकराशी बोलायचा तसा हलक्या आवाजात म्हणाला,

"काढू नको. अजून जवळ घेतलं नाही तिने."

कासिल्दाने एकेक करून सगळी बटणं लावून घेतली.