डाव्या गालाची जागा

"हा काळा डाग पह्यले काढ बे." शेषरावनं बंदुकीचा दस्ता धाकट्या भावाच्या फळीवर आडवा टाकला. "दसऱ्याच्या पूजेले अर्धं गाव येते घरी. नवा दिसला पाह्यजे."

"अन बंदूक कुठं हाय?"

"कपाटात. परवाना माह्या नावावर, तुह्या हाती कशी देऊ? लाकडाले परवाना लागत नाही."

गोविंदा हसला नाही. धाड गावात राहत्या घराच्या ओसरीतच त्याचं सुतारकाम चाले. दारं, पलंग, देव्हारे. वडलांची बंदूक त्या ओसरीत आली ती अशी, नळीशिवाय.

फौजेतून बाद झालेली जुनी रायफल. नळी बदलून परवान्यात बसेल अशी केलेली. वडलांनी, किसनरावांनी, ती रानडुकरांपासून मका राखायला घेतली होती. ते गेल्यावर वारस म्हणून परवाना थोरल्याला मिळाला. हरकत नसल्याची सही गोविंदानंच केली. सही करताना हरकत नव्हतीच. हरकत सुरू झाली ती घरी परतल्यावर.

वाफ

दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवायचं, वर गरम इस्त्री टेकवायची. चर्र होतं. लाकूड पाणी पितं, फुगतं, खड्डा वर येतो.

"अवो, माही इस्त्री!" त्याची बायको कोकिळा आतून धावत आली. "तुमच्या दादाच्या लाकडाले इस्त्री, अन माह्या मोरीच्या दाराले बिजागरी नाही. लटकून राह्यलं ते दार."

"लावतो."

"दसऱ्यालेच लावा. दाराचीबी पूजा करू."

खड्डे भरले. डाग तसाच राहिला.

दस्त्याच्या उजव्या अंगाला, पुरीएवढा. किसनराव डावरे होते. बंदूक डाव्या खांद्याला, डावा गाल लाकडावर. घाम, दाढीचे खुंट, केसांतून ओघळलेलं तेल, सगळं वर्षानुवर्षं तिथंच मुरलेलं. गोविंदाही डावरा. जागलीला मचाणावर ते रिकामी बंदूक त्याच्या खांद्याला लावून द्यायचे. "गाल टेकव. माहा टेकते ना, तिथंच." लाकूड त्यांच्या गालानं कोमट झालेलं असायचं.

शेषराव तेव्हा बुलढाण्याला बोर्डिंगात शिकत होता. त्याला काय माहीत?

सांगावं का?

सांगितलं तर दादा डाग ठेवील. दसऱ्याला आलेल्या प्रत्येकाला बोट लावून दाखवील, 'हा आमच्या बाबांचा गाल.' लोक हात जोडतील. आणि आपण त्याच्याच ओसरीत चहाची कपबशी धरून ऐकत बसायचं.

विहिरीजवळचं वावर त्याला. बंदूक त्याला. आता गालही?

ऐंशी नंबर

लाकूड घासायचा सगळ्यात खरबरीत कागद. त्यानं डाव्या हातात घेतला.

काढला तर मलाही उरणार नाही.

नसू दे. त्यालाही नको.

डाग वरवरचा नव्हता. घासला की फिका व्हायचा, ओलं बोट फिरवलं की पुन्हा वर यायचा. गोविंदा घासत गेला. कोकिळा दारात येऊन उभी राहिली, त्याचं तोंड पाहून आत गेली. शेवटी लाकूड पांढरं पडलं आणि तिथं उथळ खोलगा झाला. तो लपवायला त्यानं अख्खी उजवी बाजू उतरवली.

दोनशेवीस नंबर

मऊ कागद. हात आपोआप चालतो. डोकं रिकामं राहतं, तेच वाईट.

जवसाचं तेल

तेल तळहातानं चोळायचं, लाकूड गरम होईपर्यंत. एक हात झाला, वाळला. दुसरा झाला. दस्ता मधासारखा दिसायला लागला तेव्हा शेषराव आला.

त्यानं दस्ता उजव्या खांद्याला लावला. मग उलटा करून उजवी बाजू पाहिली. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"गेला."

"हाव."

"पुरा गेला."

"तूच म्हणला ना, काढ म्हणून."

"हाव. मीच म्हणलो." शेषराव फळीच्या कडेला टेकला. "बाबाचा गाल होता तो."

गोविंदाच्या हातातलं फडकं थांबलं. "तुले माहीत होतं, दादा?"

"मी बंदूक लावली का तो पल्याडच्या अंगाले राहे. माह्या गालाले कधी लागलाच नाही. बाबानं तुले मचाणावर नेलं, मले बोर्डिंगात टाकलं. कपाट उघडलं का ते दिसे मले." तो दस्त्याकडेच बघत होता. "मले वाटलं, तू भांडशीन. 'हात लावू देत नाही' म्हणशीन. मंग राहू देल्ला असता मी."

गोविंदानं तेलाची वाटी पुढं ओढली.

"तेलाचा अजून एक हात लागन," तो म्हणाला.

"कशाले? झालं ना." शेषरावनं दस्ता जुन्या धोतरात गुंडाळला आणि मोटरसायकलला आडवा बांधला.

झाडू

ओसरी गोविंदानं स्वतः झाडली. फळीखाली वाकून त्यानं भुसा बोटांनी चाळला. त्यात देव्हाऱ्याचा होता, पलंगाचा होता, दस्त्याचा होता. सगळा एकाच रंगाचा.

कोकिळेनं घमेलं उचललं. "बंबात टाकू का हा? सकाळी पाण्याले होईन."

तो डाव्या गालावरची धूळ पुसत होता.

"टाक," तो म्हणाला.