थोरलीचा खाडा

व्हिडिओ कॉलची वेळ झाली की थोरली वॉर्डचा निळा युनिफॉर्म चढवायची. खाली मात्र घरातला चुरगळलेला पायजमा. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून बसली, की कुणालाही वाटावं, बाई ड्यूटीतनं दोन घास खायला बसल्यात.

ती रजेवर होती. औषधांच्या ट्रॉलीपुढे भरलेली सिरिंज हातात धरून ती उभी राहिली होती, आणि इंजेक्शन कुणाचं तेच आठवेना. तिनं स्वतःच जाऊन सिस्टर-इनचार्जना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ही थकव्याची हद्द झाली, आता घरी बसा. त्यालाही महिना होत आला. पण चहा गरम असतानाच प्यायला मिळतो, याचीसुद्धा तिला चोरी वाटायची. कारण दूर माहेरी धाकटी ठकी होती. तीही नर्सच. आईचे गुडघे सांभाळून वॉर्ड सांभाळणारी. ती राबतेय आणि आपण लोळतोय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्यात आईचं कौतुक. येणाऱ्याजाणाऱ्याला ती ओवी रचून ऐकवायची:

*थोरली माझी लेक, दिव्याची गं वात*
*परक्यांच्या उशाशी, जागते सारी रात*

फोन लागला. धाकटी केस विंचरत होती.

"ताई, जेवलीस?"

"आत्ताच. तू?"

"खाल्लं काहीतरी. परत निघालेय. जोडीची आजारी पडली, तिची रात्रपाळी मलाच."

"अगं, सकाळीच आलीस ना?"

"तू बोलतेस? तू कधी घरी असतेस?"

चोराच्या मनात चांदणं. थोरलीनं उगाच कपाळावरची बट मागे सारली.

"ताई, हात दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणते ना!" धाकटी खिदळायला लागली. "सिस्टर, ड्यूटीवर नेलपॉलिश? तुमची मेट्रन नखांसकट खाईल तुम्हाला!"

दुपारी वेळ जाईना म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली जांभळी बाटली. लावताना किती बरं वाटलं होतं. युनिफॉर्म चढवला, पण नखं कोण बघतंय! बघितली ती नर्सनंच.

धाकटीचं हसू हळूहळू विरलं.

"तू कामावर नाहीयेस."

"नाही."

"कधीपासून?"

थोरलीनं सगळं सांगितलं. वाटलं होतं, ठकी चिडेल, टोमणा मारेल. ती कंगव्यातले केस काढत राहिली.

"परवा मी चादरींच्या खोलीत खाली बसले, ती उठताच येईना," ती म्हणाली. "वॉर्डातल्या मावशींनी उचललं. मेट्रननं विचारलं, आठवडाभर घरी राहतेस का. मी काय म्हटलं माहितेय? आमच्या घरात खाडा करत नाहीत."

थोरलीच्या ध्यानात आलं: आपल्या खोट्यावर ही पोर उभी होती.

"ठके, आईला फोन दे."

"नको गं ताई. तिची मिरवायची तेवढीच एक गोष्ट आहे."

"दे म्हटलं ना."

धाकटी आत जाईपर्यंत थोरलीनं युनिफॉर्म काढून ठेवला. पडद्यावर आई आली, चष्मा नाकावर सरकवत.

"आज सुट्टी वाटतं?"

"रोजच आहे आई. महिनाभर. मी घरीच असते, झोपते. तुला खोटं सांगत होते."

"कुणी काढून टाकलं?"

"नाही. माझंच होईना."

"आणि मी इथं ओव्या गातेय." आईचा आवाज अगदी बारीक झाला. "सांगायचं नाही होय गं? मी काय वैरीण तुझी?"

"आई, ठकीही पडली परवा. वॉर्डात. तिनंही सांगितलं नाही. आत्ता ती परत निघालीय."

पडदा कलंडला. आता छत दिसत होतं, आणि फिरणारा पंखा. काठी टेकल्याचा आवाज. मग आईचा:

"चप्पल काढ."

"अगं आई, तिकडे माणूस नाहीये—"

"काढ म्हणते ना. हा माझा फोन घे, मेट्रनला लाव. माझ्यासमोर."

थोरली श्वास रोखून ऐकत होती. धाकटी अडखळत बोलली. "मॅडम, मी... आज नाही जमणार. हो, तुम्ही म्हणाला होतात ते. आठवडाभर. सॉरी मॅडम. सॉरी." मग तिनंच विचारलं, "कुणाला थांबवणार मग?"

तिकडून काहीतरी उत्तर आलं असावं. धाकटीनं कलंडलेला फोन उचलून तोंडासमोर धरला. डोळे भरले होते.

"नवीन पोरगी आहे एक," ती म्हणाली. "सकाळपासून उभीच आहे. तिला थांबवलंय."

थोरलीच्याही जागी तिच्या वॉर्डात महिनाभर कुणीतरी उभं होतं. कोण, ते तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

"झोप जा," थोरली म्हणाली.

"येईल का गं?"

"पहिल्यांदा नाही येत."