दोनशे बारा अक्षरं

बायकोच्या ब्राउझरमधला प्रोग्रामचा तो छुपा तुकडा मी उपटून टाकला आणि घरात पुन्हा शांतता नांदू लागली. असं काही झालेलं नाही.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. लोकांचे. घरच्या कॉम्प्युटरवर बायको दिवसभर औषधांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करते. त्याला मी एकदाच हात लावला: शुद्धलेखन तपासणारी एक फुकटची सोय बसवून दिली. त्या सोयीच्या पोटात हा तुकडा होता. यादीत दिसत नाही, नाव नाही, चिन्ह नाही. बायको जे टाइप करते ते टिपतो आणि कुठल्याशा कंपनीला पाठवतो. पुसलेलंसुद्धा.

आज सकाळी तो मला सापडला. मजकूर कुलूपबंद, पण नोंदी उघड्या. मंगळवार, दुपारी चार. कोणाला: नवरा. टाइप केलेली अक्षरं दोनशे चौदा. पुसलेली दोनशे बारा. पाठवलेली दोन.

ती दोन मला आठवतात. "ठीक."

लग्नाला सहा वर्षं झाली, मला एका दमात दोनशे बारा अक्षरं कधी मिळाली नाहीत. ज्याला धड नाव नाही, त्याला आयती मिळाली.

"मंगळवारी मला काय लिहिलं होतंस?"

"ठीक."

"त्याच्या आधी."

तिने कप खाली ठेवला. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे माझं पुसलेलं कोणीतरी वाचतंय, आणि तुला राग कशाचा, तर तुला वाचायला मिळत नाही याचा?"

"तो बसवला कोणी? मीच ना?"

"तो निदान पूर्ण ऐकून घेतो. मध्येच 'थोडक्यात सांग' म्हणत नाही."

"माझ्याबद्दल चांगलं होतं की वाईट?"

"थोडक्यात सांगू?" ती उठली. "संध्याकाळपर्यंत तो काढ. नाहीतर मी ताईकडे राहायला जातेय."

काढायला एक मिनिट लागतं. पण काढला की त्या कंपनीशी माझा एकमेव धागा तुटणार. म्हणून आधी अर्ज पाठवला:

"महोदय, माझ्या पत्नीने मला लिहून पुसलेली दोनशे बारा अक्षरं आपल्या ताब्यात आहेत. मूळ प्रत आपण ठेवावी, साक्षांकित नक्कल पाच वाजण्यापूर्वी मिळावी. तेही शक्य नसल्यास, शेवटी पूर्णविराम होता की प्रश्नचिन्ह, एवढं तरी कळवावं, ही नम्र विनंती."