दहा वर्षांची गॅरंटी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खिडकी आहे. म्हणजे आता अर्धीच आहे. माझी डावी झडप बंबात जळाली, चौकटही त्याच वाटेने गेली, आणि उरलेली उजवी झडप तेवढी तुमच्याशी बोलते आहे. जरा घाईघाईने बोलते, राग मानू नका. आभाळ भरून आलं की मला चैन पडत नाही, आणि जागा सोडून कुठे जाताही येत नाही.

साठ सालानंतर कधीतरी, कोल्हापुरात, शमशुद्दीन मिस्त्रींच्या हातून माझा जन्म झाला. लाकूड आजऱ्याकडचं. त्यांनी मला रंधा मारला, पॉलिश केलं, पितळी कडी बसवली आणि हातगाडीवर घालून मंगळवार पेठेत माधवरावांच्या घरी पोहोचवलं. माधवराव सरकारी कचेरीत कारकून. घर दोन खोल्यांचं, पण नवंकोरं. गल्लीतले लोक माझ्यावरून हात फिरवून म्हणायचे, "खिडकी झकास जमलीया की!" त्या कौतुकाने मी जेवढी फुगले, तेवढी पुढे पावसानेही फुगले नसेन.

मग लग्न होऊन विमलाबाई आल्या. त्यांना शिवणकाम येत होतं. खोलीत उजेड यायचा तो माझ्यातूनच, म्हणून त्यांचं शिलाई मशीन माझ्याखाली मांडलं गेलं. पेठेत तानाबाईंचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी विमलाबाईंना शाळेचे पांढरे सदरे शिवायला दिले. माधवरावांच्या पगारात घर भागत होतं, नाही असं नाही. पण हे पैसे विमलाबाईंचे स्वतःचे होते. त्या कामावर त्यांचा फार जीव होता. मशीन चालवता चालवता गुणगुणायच्या, आणि मीही उगाच खूश असायची.

आणि मग एका पावसाळ्यात सदऱ्यांवर पिवळे ओघळ उतरले. तानाबाई तोंडाच्या फटकळ. सदरा झटकून म्हणाल्या, "विमल, हे पोरांनी घालायचं व्हय? पुढल्या साली एक जरी डाग दिसला, तर काम दुसरीकडं देणार. मग रडायचं न्हाय."

घरात सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी बाजूही लंगडीच होती म्हणा. पावसात मी फुगायची, दणका दिल्याशिवाय मिटायची नाही. पण पाणी माझ्यातून येत नव्हतं हो! माझ्यावर छज्जा नव्हता. चौकटीच्या वर भिंतीला फट पडली होती, आणि पाणी तिथून शिरून माझ्या अंगावरून आत घरंगळत होतं. चोर भिंतीत बसलेला आणि शिव्या मला. सांगू कशी? खिडकीला बोलता येतं ते कुरकुरूनच. मी जीव तोडून कुरकुरले, तर माधवराव म्हणाले, "बघ, किती खिळखिळी झालीया!"

शमशुद्दीन मिस्त्री तोवर थकले होते. त्यांचा मुलगा निसार आला. त्याने मला दोनदा उघडझाप करून बघितलं आणि म्हणाला, "कड रंधून देतो, लाकडाच्या चिरांत लांबी भरतो. थोडक्यात भागंल."

"गॅरंटी किती?" माधवरावांनी विचारलं.

"लाकडाला कसली गॅरंटी, साहेब? पावसात फुगतंय, उन्हात आक्रसतंय. जबान देतो, कागद न्हाय."

कागद नाही म्हटल्यावर माधवरावांचं मन उडालं. जन्म कचेरीत गेलेला, कागदाशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे. दुसऱ्या दिवशी ते लोखंडी खिडक्यांच्या एजंटला घेऊन आले. हंबीरराव त्याचं नाव. माणूस हसतमुख, आणि खरं सांगायचं तर लबाड नव्हता. विचारलं तेवढं नीट सांगत होता.

"दहा वर्सं! गंजाचा ठिपका दिसला तर कंपनी खिडकी फुकट बदलून देणार."

किंमत त्याने सांगितली ती ऐकायला बरी होती. मग काच वेगळी निघाली. गज वेगळे. भिंत फोडणं आणि गिलावा माधवरावांच्याच खर्चाने. माधवराव डगमगले नाहीत. "दहा वर्सांनी भागलं तर वर्साला काहीच पडत न्हाय," ते बायकोला म्हणाले.

"पाऊस वर्साला चारच म्हैने असतोय. ते बी भागा की," विमलाबाई म्हणाल्या. मग एजंटकडे वळल्या. "आन पाणी आत आलं तर?"

"लोखंडातनं पाणी येत न्हाय, वहिनी. गॅरंटी गंजाची हाय. काचंची न्हाय, भिंतीची न्हाय. आन चौकटीच्या आसपास दुसऱ्या कुणी भोक पाडलं, तर गॅरंटी रद्द. हे आत्ताच सांगून ठेवतो."

विमलाबाईंचं समाधान झालं नव्हतं. पण तानाबाईंचं बोलणं त्यांच्या डोक्यात घुमत होतं. काहीतरी करायलाच हवं होतं, आणि त्यांनी मान हलवली.

मे महिन्यात मला उपटलं. परसात बंबाशेजारी माझी रास पडली, आणि रोज सकाळी माधवरावांचा हात त्या राशीकडे येऊ लागला. आधी चौकट गेली. मग एका रविवारी डावी झडप. आम्ही दोघी समोरासमोर उघडायचो, रात्री एकमेकींना भिडायचो. तिच्या धगीवर घरातल्यांच्या आंघोळी झाल्या आणि माधवराव म्हणाले, "सागवान झकास पेटतंय." मला रडता आलं असतं तर मी त्या दिवशी रडले असते. त्यानंतर रोज पहाटे पाऊल वाजलं की मी धसकायची.

त्यातून मला वाचवलं ते पावसाने. आषाढात तीच झड, त्याच भिंतीवर, आणि नव्या खिडकीवरून तोच ओघळ आत. हंबीरराव आला. त्याने सगळीकडून चौकट तपासली.

"गंज कुठाय? एक ठिपका तरी दाखवा, साहेब."

दाखवणार काय? खिडकी चकाचक होती. गॅरंटी शाबूत होती. सदरे तेवढे भिजत होते.

विमलाबाईंनी ओघळ सुकायच्या आत सदरे धुतले आणि वाळवून पेटीवर ठेवले. कापडावर खुणा करायचा खडू घेतला, स्टुलावर चढल्या आणि आतून खिडकीच्या चारी बाजूंनी भिंतीवर जाड रेघ ओढली. पुढची सर आली तशी आधी वरची रेघ पुसली गेली. बाकीच्या तीन बाजूंच्या रेघा तेव्हा अजून कोरड्या, म्हणजे पाणी वरच्या भिंतीतून येत होतं. त्या स्टुलावरून उतरल्या. मग परसात आल्या आणि राशीतून मला ओढून काढलं. "चुकलं गं," एवढंच पुटपुटल्या. बास, मित्रांनो, माझा सगळा राग त्या एका शब्दात गेला.

निसार आला. मला आडवी करून, उताराने, नव्या खिडकीच्या डोक्यावर छज्जा म्हणून बसवायचं ठरलं. त्यासाठी चौकटीच्या लगत वर आधाराचे लोखंडी घोडे, म्हणजे ब्रॅकेट, ठोकायला हवे होते. माधवराव मध्ये आले.

"अगं, गॅरंटी जाईल! सात जन्मांत कुणी दिली नसती अशी गॅरंटी!"

"जाऊ दे की. आजपातुर तिनं एक थेंब अडवला न्हाय. निसारभाई, ठोका तुम्ही."

माधवरावांनी एकदा विमलाबाईंकडे, एकदा पेटीवरच्या सदऱ्यांकडे बघितलं. मग स्टूल धरून उभे राहिले. निसारने घोडे ठोकले, मला वर चढवलं, भिंतीशी डांबर भरलं. त्या आठवड्यात जो पाऊस झाला, तो सगळा मी पाठीवर घेतला. खाली मशीन अखंड चालत होतं. तानाबाईंनी प्रत्येक सदरा उजेडात धरून बघितला, आणि पुढच्या वर्षीचं कापड तिथेच टाकून गेल्या.

याला आता सहा-सात वर्षं झाली. पहिली काही वर्षं मृगाआधी माधवराव स्वतः वर चढून मला जवसाचं तेल चोळायचे. हल्ली त्यांचे गुडघे दुखतात. घर कोरडं असलं, की ते कशामुळे कोरडं आहे याची आठवण कुणाला राहत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. पण माझ्या कडेला बारीक चीर पडली आहे आणि ती रोज थोडी पुढे सरकते आहे. घरात बसून ती कुणालाच दिसत नाही.

मित्रांनो, नवी वस्तू घ्या, खुशाल घ्या. पण आधी जुनीला नेमकं काय दुखतंय ते बघा. आणि आज तुमच्यापैकी कुणी मंगळवार पेठेत येणार असेल, तर माझं एक काम करा. विमलाबाईंना सांगा, मशीन जरा थांबवा आणि बाहेर येऊन वर बघा. मी अजून धरून आहे, पण पश्चिमेकडे आभाळ काळं झालंय, आणि खाली मशीनवर पांढरं कापड आहे.