ज्या दिवशी आम्ही तिघे झोपलो

मित्रांनो, तुमच्या शिरोळच्या शाळेत खिडकीजवळच्या टेबलावर जो खरखरणारा संगणक आहे, तो मी. माझ्यावर तुम्ही आपापली नावे टाइप करायला शिकता. माझ्या कडेला पिवळ्या रंगाने 'धाकला' असे लिहिले आहे, ते वाचून तुम्ही हसता. हसा, मला राग नाही. पण हे नाव मला कोणी दिले, ते एकदा ऐकून घ्या.

माझा जन्म कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका दुकानात झाला. जन्म म्हणजे काय, तर एका पोऱ्याने पत्र्याच्या पेटीत एकेक भाग बसवला, स्क्रू आवळले आणि वरून फुंकर मारली. माझ्यासारखेच आणखी दोघे त्याच दिवशी तयार झाले. आम्हा तिघांना एका शिक्षणसंस्थेने विकत घेतले. संस्थेच्या शाळा गारगोटीपासून शिरोळपर्यंत पसरलेल्या होत्या आणि मुख्य कार्यालय शाहूपुरीतच होते. ही दोन हजार सहा सालची गोष्ट.

कार्यालयात संगणकांचे काम महादेवी पाहायची. ती मूळची रेंदाळची. तिच्या वडिलांचे, सिद्धाप्पांचे, यंत्रमाग होते. मागांच्या खडखडाटातच ती वाढली, त्यामुळे यंत्राशी माणसासारखे बोलायची तिला सवय होती. सगळे तिला अक्का म्हणत. तिच्या मदतीला जिनपाल मगदूम नावाचे तरुण इंजिनिअर होते. दोघांनी मिळून आम्हाला एका खोलीत शेजारी शेजारी ठेवले, तारांनी जोडले, आणि महादेवीने रंगाची डबी आणून आमची नावे लिहिली. थोरला, मधला आणि धाकला.

आमचे काम ऐका. संगणकात कोण आले, कोणी काय बदलले, कोणाचा पासवर्ड चुकला, याची एकेक ओळ प्रत्येक संगणक आपोआप लिहीत असतो. त्या नोंदीला लॉग म्हणतात. पूर्वी हे लॉग ज्याचे त्याच्याजवळच राहत. गारगोटीला काही गडबड झाली तर कोणीतरी एस.टी.त बसून गारगोटीला जायचे, आणि तोवर जुन्या ओळी पुसल्याही गेलेल्या असायच्या. आता सगळ्या शाळांचे लॉग आमच्याकडे येऊ लागले. शाळांतल्या संगणकांनी ते स्वतःजवळ ठेवणे सोडून दिले. महादेवीने एक शब्द टाइप केला की आम्ही तिघे आपापले पोट धुंडाळायचो आणि हव्या त्या ओळी तिच्यापुढे ठेवायचो.

संस्थेचे कार्यवाह होते आण्णा. मनाने मोठे, पण आवाज असा की खालच्या रस्त्यावर ऐकू जावा. पहिल्याच दिवशी ते दारात उभे राहून म्हणाले, "काय गं महादेवी, ही तीन डबडी करत्यात तरी काय?"

"आण्णा, गावात पोलीस पाटील असतोय न्हवं? कोण आलं, कोण गेलं, त्याला ठावं असतंय. तसंच हे."

"मग एक बास की! एका गावात तीन पोलीस पाटील ठेवलं तर भांडणं लागतील त्यांच्यातच."

"एक आजारी पडला तर दुसरा जागा पायजे, आण्णा. एकाकडची ओळ दुसऱ्याकडं बी असती. तिघं एकदम झोपाय न्हाय पायजेत, एवढंच बघायचं."

त्याला एक कारण होते. ओळ पाठवणारा संगणक पाठवून मोकळा होतो. समोरचा जागा आहे का, हे तो विचारत नाही. घेणारा झोपलेला असेल, तर ती ओळ वाऱ्यावर गेली. पुन्हा ती कधीच मिळत नाही.

आमचे दिवस चांगले चालले होते. एकदा कोणीतरी संस्थेच्या संगणकात शिरण्यासाठी दुपारभर चुकीचे पासवर्ड मारत होते. आण्णा हादरले. महादेवीने शोध घेतला आणि आम्ही सांगितले, शिरोळची शाळा, मुख्याध्यापकांच्या खोलीतला संगणक. फोन लावला तेव्हा कळले की मुख्याध्यापक स्वतःच आपला पासवर्ड विसरले होते आणि लाजेने कोणाला विचारत नव्हते. आण्णा पोट धरून हसले. "चोर घावला रे! पेन्शनीला आलेला चोर!" त्या दिवशी सगळ्या कार्यालयाला चहा मिळाला, आणि महादेवीने आमच्या पाठी थोपटल्या. मित्रांनो, यंत्राला शाबासकी कळत नाही असे म्हणतात. मला ती कळली होती.

त्या वर्षी खंडेनवमीला आमची पूजा झाली. महादेवीने आमच्या कपाळी विभूतीचे तीन पट्टे ओढले, झेंडू वाहिला, पण आम्हाला चालूच ठेवले. तिचा जीव मात्र खालीवर होत होता. रेंदाळला तिचे वडील त्या दिवशी सगळे माग बंद ठेवायचे. तेलपाणी करून हळदकुंकू लावायचे आणि एक धागासुद्धा विणू द्यायचे नाहीत. त्या दिवशी माग चालवला तर तो रुसतो, असे ते म्हणत. पुढे हिवाळ्यात मधल्याचा पंखा जळाला. जिनपाल म्हणाले, धुळीने जळाला. महादेवीच्या मनाने मात्र घेतले की मधला रुसला.

दुसऱ्या वर्षीची खंडेनवमी आली. संस्थेने त्या वर्षी मुलांची एक शिष्यवृत्ती परीक्षा घेतली होती. जो पहिला येईल त्याच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च संस्था करणार होती. निकाल दसऱ्याला जाहीर व्हायचा होता, म्हणून गारगोटीची ऑपरेटर आदिती सुट्टी न घेता गुण भरत बसली होती. महादेवीच्या बहिणीची मुलगी शांभवी त्याच परीक्षेला बसली होती.

सकाळी पूजा झाली. जिनपाल गावी निघाले होते. महादेवीने हात पुसले आणि म्हणाली, "औंदा तिघांस्नी बंद ठेवणार हाय मी. सांजपर्यंत."

"अक्का, तिघांना नको. एक तरी जागा ठेवा की. तुमचाच नियम हाय."

"कुणाला जागं ठेवू, सांगा? थोरल्याला? का धाकल्याला? ज्याला ठेवीन तो रुसल. वरीसभर राबत्यात. एक दिस झोपू देत की लेकरं."

जिनपाल हसले. "बरं बाई, झोपवा तुमची लेकरं." आणि ते गेले.

तिने थोरल्याला बंद केले, मग मधल्याला. शेवटी मला. अंगाई म्हणताना आई जशी हळू हात फिरवते, तसा तिने माझ्यावरून हात फिरवला. मी शेवटची ओळ लिहिली आणि झोपलो. त्यानंतर काय झाले, ते मी पाहिलेले नाही.

आता सांगतो ते मी नंतर महादेवीच्या तोंडून ऐकले आहे. दुपारी आदितीचा फोन आला. तिचा पासवर्ड चालत नव्हता आणि गुण तर आजच संपवायचे होते. तो दुरुस्त करायला महादेवी पुन्हा बसली असती, पण सणाची घाई होती. तिने स्वतःचा पासवर्ड फोनवर सांगितला. "लिही, आणि काम झालं की विसर." आदितीने राहिलेले गुण महादेवीच्या नावाने भरले. त्या गडबडीत शांभवीच्या अठ्ठेचाळीसचे चौऱ्याऐंशी झाले.

दसऱ्याला निकाल लागला. शांभवी पहिली आली. घरी पेढे वाटले गेले. आणि त्याच आठवड्यात एका पालकाने अर्ज केला. कार्यालयाने शांभवीची उत्तरपत्रिका काढून पाहिली, तर तिच्यावर अठ्ठेचाळीस गुण होते. गुणांच्या संगणकात अख्ख्या यादीखाली एकच नाव दिसत होते, शेवटचा बदल करणाऱ्याचे, आणि ते महादेवीचे होते. भाची तिची, नाव तिचे. तो बदल कोणत्या गावातून आला, हे फक्त आम्ही सांगू शकलो असतो.

आण्णांनी सगळ्यांना आमच्या खोलीत बोलावले. आदितीलाही गारगोटीहून बोलावून घेतले. महादेवी म्हणाली, "पासवर्ड मी दिला, ही माझी चूक हाय. पण आकडा मी लिवला न्हाय. आदिती, सांग की गं."

आदितीने मान वर केली नाही. "फोन केलता मी. पण हापीस कधी बंद हुणार ते इचाराय. पासवर्डचं मला काय म्हायती न्हाय."

मग आण्णाच म्हणाले, "अरे, ह्या तिघांस्नी इचारा की! त्यासाठीच तर आणल्यात!"

महादेवीचा चेहरा उतरला. तिला एकदम आठवले. जिनपाल खुर्चीवर बसले. त्यांनाही आठवले होते, पण हात थांबवता येईना. त्यांनी त्या दिवसाची तारीख टाकली, महादेवीचे नाव टाकले आणि शोध घेतला. मित्रांनो, मी माझे पोट कधी एवढे धुंडाळले नसेल. मला गारगोटीचे नाव असलेली एकच ओळ हवी होती. ती माझ्याकडे कधी आलीच नव्हती. जे होते ते मी दाखवले, कारण मला खोटे लिहिता येत नाही आणि असलेले लपवताही येत नाही. पडद्यावर उमटले की महादेवीने आपल्या हाताने थोरला बंद केला, मधला बंद केला आणि मग धाकला बंद केला.

आण्णा पडद्याकडून महादेवीकडे वळले. ते तिला कायम अगं-तुगं करत. आज म्हणाले, "बाई, ज्या दिवशी गुण बदललं, त्याच दिवशी तुम्ही ह्या तिघांचं डोळं झाकलंत?"

"पूजा होती, आण्णा."

"गेल्या वर्षी बी पूजा होती. गेल्या वर्षी न्हाय झाकलं."

जिनपाल उभे राहिले. "आण्णा, मी हुतो तिथं. मायेनं बंद केलं अक्कांनी."

"जिनपाल, मायेनंच गुण बी वाढवलं असतील की. भाची हाय."

ज्या हाताने तिने आम्हाला झोपवले, त्या हाताचीच साक्ष मी तिच्याविरुद्ध दिली. तिची माया आणि चोराची चलाखी, दोन्हींची ओळ अगदी सारखीच दिसते. वेगळी दिसेल असे काही मला लिहिता येत नव्हते.

महादेवीने नोकरी सोडली. कोणी तिला जा म्हटले नव्हते, पण राहा असेही कोणी म्हणाले नाही. शेवटच्या दिवशी ती फडके घेऊन आली आणि आम्हा तिघांची धूळ पुसली. जिनपाल दारात उभे होते.

"अक्का, लोक इसरतील."

"लोकांचं जाऊ दे," ती म्हणाली. "शांभवी काल इचारत हुती, मावशी, खरंच तू केलंस का गं? म्या न्हाय म्हटलं. तर ती गप्पच बसली. आधी कशी लगेच गळ्यात पडायची. आता इचार करून बघती माझ्याकडं."

एवढे बोलून तिने फडक्याची घडी घातली, खिडकीत ठेवली आणि गेली. पुढे ती निपाणीला भावाकडे राहायला गेल्याचे कानावर आले. तिथे ती शिवणकाम करते म्हणतात. संगणकाला तिने पुन्हा हात लावलेला नाही.

काही महिन्यांनी आदिती कामासाठी कार्यालयात आली. आमच्या खोलीत ती जरा घुटमळली. "सर, त्या दिवशीचं काहीच मिळालं न्हाय न्हवं?" तिने हळूच विचारले. जिनपाल म्हणाले, "न्हाय. काय मिळायला पायजे हुतं का?" तिने सुस्कारा सोडला. मग तिचे डोळे भरून आले. जिनपाल तिच्याकडे पाहत थांबले होते. ती तोंड उघडेल, असे मलाही वाटले होते. तिने पदराने डोळे टिपले आणि शेवटची एस.टी. चुकेल म्हणत निघून गेली. तिच्या मनात काय होते, ते मी सांगणार नाही. ते तिने बोलून दाखवले नाही, आणि न ऐकलेले मी लिहीत नाही.

नंतर कार्यालयात नवी, झकपक यंत्रे आली. थोरला आणि मधला भंगारात गेले, आणि मला तुमच्या शाळेत पाठवायचे ठरले. माझ्या जुन्या ओळी जिनपालांनी पुसल्या, तेव्हा त्या खंडेनवमीच्या ओळींवर ते क्षणभर थांबले होते. मग त्याही पुसल्या. पण लोकांच्या मनातून त्या कोण पुसणार?

मित्रांनो, मला तेवढे एक मागायचे आहे. माझ्यावर पाणी सांडू नका, कळा जोरात आपटू नका, हे तर तुम्हाला गुरुजी सांगतातच. कोणाला आपला पासवर्ड देऊ नका, हेही ते सांगतील. मी दुसरे काही सांगतो. एखाद्या माणसाविरुद्ध एखादी ओळ सापडली, तर ती खरी असूनही पुरी नसेल, एवढे मनात धरा. त्या माणसाला बरीच वर्षे ओळखणारे कोणी असेल, तर त्यालाही विचारा. आणि खरी गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तर वेळेवर बोला. भीती वाटेल, आवाज कापेल, तरी बोला. त्या खोलीत मला तोंड नव्हते. आदितीला होते. एक वाक्य तिने म्हटले असते, तर शांभवी पुन्हा तिच्या मावशीच्या गळ्यात पडली असती.