वेंडेलचं पॅनेल

पंप

"हात लावू नकोस," वेंडेल म्हणाला. "आधी दिवा बघ."

आर्डिसने हात मागे घेतला. तळघराच्या भिंतीवर त्याने स्वतः बनवून टांगलेल्या पॅनेलच्या पेटीवर हिरवा दिवा लागला, पंप घुरघुरला आणि स्टीलच्या पिंपातलं पाणी नळीतून वर चढून परत पिंपात पडू लागलं. आज फक्त पाणी. बिअर अजून लांब होती.

"काय?"

"छान आहे."

"छान? आर्डी, शाळेतल्या पोरांना उकडलेले बटाटे वाढतेस ना, तेव्हाही अस्साच चेहरा असतो तुझा."

ती हसली, कारण हसायला हवं होतं.

जिन्याखाली दुसरं पॅनेल होतं. आर्डिसने दुकानातून मागवलेलं, खोक्यातच. परत पाठवायची मुदत उद्या संपत होती. वेंडेलला ते ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. आठवडाभर दोघं भावंडं सरोवरावरच्या बर्फाबद्दल बोलली, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलली, शुक्रवारच्या तळलेल्या माशाबद्दल तर भांडलीसुद्धा.

खोक्याबद्दल चकार शब्द नाही.

हीटर

आर्डिस वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये गॅसच्या शेगडीवर बिअर करायची. मागच्या हिवाळ्यात थंडी सोसेना म्हणून तिने गॅरेजचं दार ओढून घेतलं. उकळतं माल्ट ढवळता ढवळता कोंडलेल्या गॅसने डोकं गरगरलं. कशीबशी रांगत बाहेर आली आणि बर्फात बसून राहिली. त्या दिवशी तिने ठरवलं, आता गॅस नको, वीज.

वेंडेल इलेक्ट्रिशियन. म्हणजे होता. कागदाची गिरणी, इस्पितळ, गावातली निम्मी स्वयंपाकघरं त्याच्या हातची. पक्षाघाताचा झटका आला आणि उजव्या बोटांतली जाणीव गेली. परवाना त्याने आपणहून परत केला. बहिणीकडे राहायला आला तो टीव्हीसमोर बसला. पडदेही उघडू देईना.

मग 'पॅनेल' हा शब्द त्याच्या कानावर पडला.

यंदाचा सबंध हिवाळा सकाळी खालून स्क्रू फिरवल्याचा आवाज यायचा. प्रत्येक बटणाखालची नावाची पट्टी त्याने स्वतः कोरली. दाढी करू लागला. एकदा तर शीळ घातली. आर्डिस जिन्यात थांबून ती संपेपर्यंत ऐकत राहिली होती.

खोक्यातलं पॅनेल कुणीतरी तपासून पाठवलेलं होतं. भिंतीवरच्या पॅनेलने तिच्या भावाला टीव्हीसमोरून उठवलं होतं. निवडा.

वेंडेलने हीटरचं बटण दाबलं.

टक्.

दिवा गेला. पंप गप्प. वीज कुठे गळली की सगळं तोडणारा ब्रेकर पडला होता. त्याने तो वर केला.

टक्.

पुन्हा.

टक्.

भोंगा

"भोंगा का नाही वाजला?"

"तो उकळी आल्यावर वाजतो. येऊ तर दे उकळी!" त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पेटीचं दार उघडलं.

"आता काय करतोयस?"

"ब्रेकरला बगल. हे नवे ब्रेकर भित्रे असतात गं. झुरळ शिंकलं तरी पडतात."

"वेंडेल, हे कपडे वाळवायच्या मशीनचं जुनं सॉकेट आहे. तीनच भोकं, अर्थिंगचं चौथं नाहीच. अर्थिंग कुठे दिलंस?"

तो तार सोलत राहिला.

"मी विचारतेय."

"न्यूट्रलच्या तारेलाच जोडलंय. मशीन नाही का चाललं त्यावर एवढी वर्षं? कोण मेलं?"

"मशीनमध्ये कुणी लोखंडी पळी घालून ढवळत नाही. ती एक तार सैल झाली तर सगळी वीज पिंपाच्या अंगात. हे तूच लोकांना दरडावून सांगायचास."

"म्हणजे नकोय तुला."

"मी तसं म्हटलं का?"

"म्हण की. उघड ते खोकं. मी वर जाऊन टीव्ही बघतो."

आवाज चढला नाही त्याचा. चढला असता तर बरं झालं असतं. आर्डिसला पडदे ओढलेली ती खोली दिसली.

त्याने दार लावलं. ब्रेकर आता नुसता शोभेला. त्याचं बोट हीटरच्या बटणावर गेलं.

या बटणाला अजून पट्टी नाही

आर्डिस पिंपापाशी गेली. नळीच्या सांध्यातून गळलेलं पाणी फरशीवर पसरलं होतं. तिने चपला बाजूला सारल्या, ओल्यात अनवाणी उभी राहिली आणि दोन्ही तळवे पिंपाला लावले. स्टील गार होतं.

"कर चालू."

"बाजूला हो."

"का? काही होत नाही ना?"

"आर्डी, वेड्यासारखं करू नकोस. खाली पाणी आहे."

"ढवळतानाही असणारच आहे."

बोट.

बटण.

तिचे तळवे.

तो दाबणार नाही अशी तिला खात्री होती? नव्हती. त्या बोटाला काही कळत नाही, हे तिला तेव्हा आठवलं. पण आता हात काढले असते तर पुन्हा बोलायला तोंड उरलं नसतं.

वेंडेलने डाव्या हाताने उजवं मनगट धरून बोट बटणापासून ओढून काढलं. मग वाकून भिंतीतला प्लग उपसला आणि उपड्या बादलीवर बसला.



"खोकं परत पाठवू नकोस," तो म्हणाला. "माझंही लगेच उतरवू नकोस. चार तारांचं नवं सॉकेट बसवून घे. बसवायला येईल त्याला दोन्ही उघडून बघू दे. तो म्हणेल ते लाव."

"कोण येईल?"

त्याने फोन मांडीवर ठेवला, स्पीकर लावला आणि डाव्या अंगठ्याने नंबर दाबला. पलीकडे एक घाईतली, अनोळखी पोरगी. वेंडेलने काम सांगितलं. कुठलंही गिऱ्हाईक सांगेल तसं, साध्या शब्दांत.

"तुम्ही स्वतः काही जोडाजोड केलीय का, सर?"

"केलीय."

"मग आमचा माणूस येईपर्यंत कशालाच हात लावू नका हं. घराचा मेन स्विच बंद करून ठेवा. तो कुठे असतो, माहीत आहे ना तुम्हाला?"

वेंडेलने कोपऱ्यातल्या राखाडी पेटीकडे पाहिलं. आर्डिसच्या लग्नाच्या वर्षी ती त्यानेच बसवली होती.

"हो," तो म्हणाला. "बहिणीनं दाखवलाय."