टाचण्यांवर थांबलेला डबा

माझा मेहुणा धंद्याने घड्याळजी, आणि वेड आगगाडीचं. तीही टेबलावरच्या. त्याच्या एका डब्यात मी डोकावलो, तर आत तिकीट तपासनीस पेंगत होता. बहीण म्हणते, ते झुरळ होतं. असेल.

घरात जादा खोली एकच. तिच्यात फळ्या ठोकून ह्याचे रूळ पसरलेले, आणि बहिणीचं शिवणयंत्र स्वयंपाकघरात, शेगडीला खेटून. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना कांद्याचा वास येतो म्हणून भांडणं. शेवटी पैज लागली. खोलीची लोखंडी किल्ली शेवटच्या डब्यात ठेवायची. गाडी चढ चढून स्टेशनात थांबली, पुन्हा निघून पलीकडे मेहुण्याच्या हातात न तुटता पोचली, तर खोली त्याची. तुटली, तर बहिणीची. पंच मी, कारण मला दम देता येतो असं दोघांनाही वाटतं.

"डबे जोडायला साधी कपलिंगं लाव," मी म्हणालो. "दिसायला धटिंगण, पण सुटत नाहीत."

"दादा, खऱ्या गाडीला बादलीची कडी लावलेली पाहिलीय कधी?"

खेळण्यातल्या गाड्यांच्या दुकानात त्याने भिंग लावून कपलिंगं चाळली. काही देखणी होती, पण वळणावर ताठ. शेवटी एक जोडी निवडली. एकमेकींत अडकलेल्या दोन मुठी, आणि खाली लोंबणारी वाकडी पोलादी तार. हुबेहूब ब्रेकची नळी.

दुकानदार म्हणाला, "तार दिसायला नळी, पण काम वेगळं. खाली चुंबक असला आणि गाडी थांबून ढील पडली, की तार फिरते, मूठ उघडते."

मेहुणा हसला. "घड्याळजीच्या घरात चुंबक? घड्याळं वेडी होतील. दारातसुद्धा येऊ देत नाही मी."

घरी येऊन त्याने हे सगळं बहिणीला ऐकवलं. ती दाताने दोरा तोडत होती. तो तुटायला जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी सुटली. बहीण चढाच्या पायथ्याशी, रूळ संपतात तिथे खुर्चीवर, मांडीवर ओच्याची झोळी. मेहुणा पलीकडच्या टोकाला. इंजिन कण्हत चढू लागलं. बहीण गाडीकडे बघतच नव्हती. ती बघत होती स्टेशनच्या अलीकडे, फळीच्या एकाच जागेकडे. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मी श्वास रोखला. माझ्या श्वासावर एरवी पवनचक्की चालते, तेव्हा कल्पना करा.

इंजिन स्टेशनात थांबलं. शेवटचा डबा चढावरच होता. पुढच्याला हळूच टेकला, क्षणभर ढील पडली. टिक.

गाडी पुन्हा निघाली. किल्लीचा डबा तिथेच.

"तुटली," बहीण म्हणाली.

"तुटली, तर मग घसरत का नाही?" मेहुणा म्हणाला.

खरंच. चढावर डबा उभा, मागे टेकू नाही, पुढे ओढ नाही. मग मेहुणा फळीखाली वाकला आणि वाकूनच राहिला.

"अगं, हे काय?"

फळीखाली बशीएवढा चुंबक डकवलेला, टाचण्यांनी साळिंदरासारखा फुललेला. वरच्या डब्यातली किल्ली त्यानेच धरून ठेवली होती.

"टाचण्यांचा," ती म्हणाली. "तुम्ही दुकानात गेलात की मी इथेच शिवते. उजेड चांगला आहे. तुम्हाला दिसू नये म्हणून खाली लावला."

"कधीपासून?"

"त्या चढाला तुम्ही हिरवा रंग दिलात ना, तेव्हा गवत उजवीकडे दाट हवं असं मीच म्हणाले नव्हते का? रोज इथे बसल्याशिवाय मला कसं कळलं असेल?"

मेहुण्याचे कान लाल झाले. "ही फसवणूक आहे. दादा, पैज रद्द. आणि तू तो चुंबक काढ आधी. आत्ताच्या आत्ता."

"नंतर काढते."

"आत्ता."

तिने माझ्याकडे पाहिलं. पंच छताकडे बघत होता. ती वाकली, टाचण्यांसकट चुंबक उपटला, आणि दुसऱ्या हाताने ओचा पसरला.

डबा सरसरत खाली आला आणि किल्लीसकट त्यात पडला.